फक्त गरुडाच्या शिक्क्यावर जाऊ नका

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या पिस्तुलाच्या होल्स्टरवर (चामडी म्यानावर) गरुडाचा शिक्का दिसला की ते अस्सल, असं एका लेखात वाचलं, ते मला पटलं नाही. नकली मालावर सगळ्यात आधी तोच ठोकतात! होल्स्टर उलटं करून मागची बाजू बघा. तिथे बहुधा 'पी. ०८' किंवा 'पी. ३८' असं पिस्तुलाच्या मॉडेलचं नाव असतं, शिवाय कारखान्याचं नाव, गाव आणि साल. साधारण १९४१ पासून नावाऐवजी तीन अक्षरी संकेत आले. उदाहरणार्थ, 'बीएमएल' म्हणजे जर्मनीतल्या नॉय-उल्मचा हान्स र्‍योमर कारखाना. पी. ३८ पिस्तूल १९३८ मध्ये स्वीकारलं गेलं, मग त्याच्या होल्स्टरवर १९३६ कसं असेल? पी. ०८ च्या झाकणाच्या आत छोट्या अवजाराचा खणही असतो, तो जरूर तपासा. जुन्या कातड्यावर रंग, तेल चढवून खुणा बुजवू नका, कळकळीची विनंती.