पाटणा शोधलं की बिहार येतं

गेल्या महिन्यात चाळीसगावला बहिणीकडे गेलो होतो. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी पोटात गेल्यावर माणूस वाद घालायच्या अवस्थेत उरत नाही. तरी वाद झालाच. विषय बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांच्या जन्मगावाचा. भाऊजी म्हणाले, जन्म आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचा. बारावीतल्या भाच्याने मोबाइल पुढे केला, "मामा, गुगलमा विजापूर शे!" मग भाऊजींनी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. त्यात पाटणादेवीच्या देवळाचा फोटो, वर तिरंगा आणि खाली मजकूर, की शिलालेखात साफ लिहिलंय, जन्म इथलाच. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात पुस्तकं विकत घेणारा वेडा मी एकटा.

भाच्याच्या मोबाइलवरची पाच पानं मी वाचली. पाचही ठिकाणी 'गणीतज्ञ' असंच चुकीचं छापलेलं, त्याच वाक्यात, त्याच जागी. म्हणजे हे पाच साक्षीदार नव्हेतच, एकाच साक्षीदाराच्या पाच झेरॉक्स. भाऊजींना विचारलं, शिलालेख वाचलाय कुणी? ते म्हणाले, "मेसेजमध्ये आहे ना."

रात्री गच्चीवर मीच शोधायला बसलो. 'पाटण शिलालेख' टाकलं तर कधी गुजरातचं पाटण येतं, कधी साताऱ्याकडचं. चाळीसगाव जोडलं की पर्यटनाची माहिती, धबधबे आणि जवळच्या लॉजचे दर. तासभर घालवला. मीही 'नेटवर नाही' असं म्हणून झोपलो असतो. किती गोष्टींचा निकाल आपण असा रोज लावून टाकतो!

जळगावला परतल्यावर वाचनालयात गेलो. तिथे गर्दी तुफान होती, पण ती सगळी अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सातपासून खुर्ची धरून बसतात, पुस्तकं घरून आणतात. त्यांच्यावर राग नाही, घरात दिवसभर शांतता मिळत नाही म्हणूनच येतात ती. पण कपाटांकडे चिटपाखरू नव्हतं. देवघेवीच्या टेबलावरच्या काकांना म्हटलं, पाटणच्या शिलालेखावर काही आहे का? त्यांनी संगणकात बघितलंच नाही. उलट मलाच विचारलं, "तुम्हाला लेख पाहिजे का भास्कराचार्य पाहिजेत? दोन्ही वेगळ्या कपाटात आहेत."

गेले आठ दिवस हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मोबाइलने मला शंभर उत्तरं दिली, पण तुम्हाला नक्की काय हवंय, हे काही विचारलं नाही.

काकांनी कव्हर गेलेलं, लाल कापडात बांधलेलं एक पुस्तक काढून दिलं. तालुक्याचा इतिहास, मधली पानं वाळवीने खाल्लेली. एका तळटीपेत सापडलं: एपिग्राफिया इंडिका (शिलालेख छापणारं जुनं सरकारी नियतकालिक), खंड पहिला, लेखक कीलहॉर्न. मग घरी येऊन तेच नाव टाकलं आणि दोन मिनिटांत इंटरनेट आर्काइव्हवर अख्खा खंड उघडला, फुकट. लेखाचं नाव काय असावं? 'पाटणा इन्स्क्रिप्शन'! तेव्हाच्या साहेबांनी आपल्या पाटणचं इंग्रजीत पाटणा केलेलं. आता पाटणा शोधलं तर बिहारच येणार, गुगलचा त्यात काय दोष?

अशा गमती पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी कागदांत खान्देश 'के'ने नाही, 'सी'ने सुरू होतो, 'कँडेश'. धुळ्याचं 'धूलिया'. ही स्पेलिंगं माहीत असली तर औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याची धरणगावची भिल्ल पलटणसुद्धा घरबसल्या सापडते. आणि मोडी दप्तरांचं तर बोलूच नका, त्यांचे फोटो चढवले तरी आतला शब्द कुठल्याही शोधखिडकीत टाइप करून सापडायचा नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन माणसाशीच बोलावं लागतं.

तर शिलालेखात आहे काय? शके 1128, म्हणजे इसवी सन 1206-07च्या सुमाराचा. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी वगैरे ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला आणि यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला देणगी दिली. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, बाजारातल्या मालापैकी मठाला काय-काय द्यायचं याचा. माझ्या दृष्टीने सगळ्यात गोड तेच. आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे गणिताच्या अभ्यासासाठी बाजारातून वर्गणी निघत होती!

आणि जन्मस्थळ? त्याचा तिथे उल्लेखच नाही. आपल्या घराण्याच्या गावाबद्दल भास्कराचार्य स्वतः लिहितात, सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड. हे विज्जडविड म्हणजे विजापूर म्हणणारे आहेत, पाटणजवळ मानणारे आहेत. मला विचाराल तर विजापूर सह्याद्रीपासून फार लांब पडतं, म्हणून मी पाटणच्या बाजूला झुकतो. पण झुकतो एवढंच. ठाम पुरावा भाऊजींकडे नाही आणि भाच्याकडेही नाही.

भाच्याला सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग मामा, परीक्षेत काय लिहू?" याचं उत्तर काही माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, सरांना विचार.

आता कामाचं. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, एरंडोलकडच्या मंडळींनो, दिवाळीची साफसफाई निघेल. माळ्यावर जुनी दप्तरं, गावच्या स्मरणिका, शाळेचे हस्तलिखित अंक असतील, तर रद्दीच्या वजनकाट्यावर चढवण्याआधी एक फोटो मला मेसेंजरवर टाका. मी स्वतः न्यायला येईन. फक्त बट्टी असेल त्या दिवशी बोलवा.