बापूंचं काळं जाकीट

रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर बापू तीन महिन्यांनी उगवले. लेकीकडे होते, अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटीत. अंगात लेकीनं दिलेलं काळं जाकीट. घाम फुटला तरी काढणार नाहीत.

"शंभर मैलांच्या वर वाटा आहेत तिथे, नुसत्या गोल्फ कार्टच्या, त्या छोट्या उघड्या गाड्यांच्या! शाळेतली पोरंसुद्धा कार्टनं जातात."

"नुसत्या कार्टच्या?" चाकाचा आउट काढता काढता दिन्यानं विचारलं. ओटल्याला लागूनच त्याचं सायकलचं दुकान.

"म्हणजे... चालणारे, सायकलवाले, सगळे त्यावरच."

"मग आपली गल्लीच की, भिया!"

बापू चिडले. "रात्री एक कार्ट कोपराला घासून गेली. तिचे दिवे मला एवढ्या लांबून दिसत होते, आणि कार्टवाल्याला मी दिसू नये?"

"इथेच सगळे फसतात," दिन्या म्हणाला. "दिवा तुम्हाला दिसला म्हणून तुम्ही त्याला दिसता होय? काळं जाकीट, काळी पँट. त्याला अंधार दिसला. ताशी तीस किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला आठ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, बारा मीटर गेले."

"पिवळाधम्मक शर्ट घालावा," जोशीकाका. प्रत्येक विषयावर त्यांचा एक शर्ट असतो.

"फ्लोरोसंट पिवळा उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, काका. रात्री तो झोपलेला. रात्री हवी चमकती पट्टी, उजेड आला तिकडेच परत धाडणारी. तीही घोट्याला. छातीवरची नुसती चमकते, घोट्याची वरखाली होते. लांबून कळतं, माणूस चालतोय."

मी म्हटलं, "आणि कार्टला दिवाच नसेल तर?"

"दिलंच नाही तर परत काय येणार? आणि परत करण्याचं म्हणाल तर, बापू, माझा तीन सेलचा टॉर्च?"

झालं! १९९६ च्या गणपतीत लाइट गेली तेव्हा नेलेला टॉर्च.

"त्याचे सेल गळले होते!"

"आणून दिला असता तर मलाही दिसले असते."

बापू उठले. "थांबा, पँटला काही लागलंय," म्हणत दिन्या खाली वाकला, मडगार्डची पट्टी हातात घेऊन. बापूंना कळलंच नाही.

ते तरातरा निघाले. बिनदिव्याची ई-रिक्षा शेजारून गेली, काहीच दिसलं नाही. मग मागून स्कूटर आली, आणि वळणापर्यंत दोन टाचा लखलख उडत गेल्या.

"दिसले, बापू दिसले!" जोशीकाका ओरडले.

लांबून आवाज आला, "टॉर्च नाही मिळणार!"