गूळ घातला की मफिन 'लो जीआय' होतो?

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक रेसिपी फिरतेय: दोन कप कणीक, एक कप गूळ, तीन पिकलेली केळी, बारा मफिन. खाली लिहिलंय, 'मैदा नाही, साखर नाही, लो जीआय. शुगरवाल्यांनी बिनधास्त खा, फळ कधी बाधत नाही.' जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचा आकडा.

आधी 'साखर नाही'. गूळ म्हणजे उसाचा आटवलेला रस, त्यात बहुतांश सुक्रोजच. डब्यातल्या साखरेत असतं तेच. गुळात थोडं लोह असतं, कबूल. पण लोहासाठी मफिन खाणारा माणूस मला अजून भेटायचाय. मध घातला तरी फार फरक पडत नाही.

'मैदा नाही' हे खरं, आणि कणकेत कोंडा असतो हेही खरं. पण जीआय किती येणार हे पीठ किती बारीक दळलंय यावरही ठरतं. ५५ किंवा त्याखाली असेल तरच 'लो'. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत पांढरा ब्रेड आणि गव्हाचा ब्रेड दोघेही सत्तरीच्या पुढेच आहेत.

फळाबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर. सफरचंद, पेर, पेरू यांचा जीआय कमीच. केळं मात्र जसं पिकतं तशी त्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि रेसिपीला हवं असतं नेमकं तेच काळे ठिपके पडलेलं केळं.

आता हिशेब करू. कणकेतून साधारण १६५ ग्रॅम कर्बोदकं, गुळातून १८५, केळ्यांतून ६५. बारा भाग केले की एका मफिनला जवळपास ३५ ग्रॅम, म्हणजे दोन फुलक्यांएवढी. चहाबरोबर दोन मफिन सहज जातात. मग आकडा केवढा होतो ते बघा. जीआय कितीही कमी असला तरी खाल्लेलं प्रमाण मोजावंच लागतं, 'बिनधास्त' इथेच कोसळतं.

खरंच कमी करायचं असेल तर गूळ काढा. अर्धं बेसन, अर्धी बदामाची पूड, दही, अंडी, थोडं तेल, बेकिंग पावडर, दालचिनी. मिश्रण धरून ठेवायला चमचाभर इसबगोल. बेसन आधी कोरडं भाजून घ्या, नाहीतर कच्चा वास राहतो. जांभळी नाक्यावरून आणलेला पेरू बिया काढून, सालासकट बारीक चिरून घाला, कुस्करू नका. पहिल्यांदा खाल तेव्हा दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. आमच्या घरच्या पोरांना हा मफिन फिका लागतो, ती वरून जॅम लावतात. त्यांना चालतंय.