दोन ताऱ्यांच्या अभिप्रायास उत्तर: आपल्या पहिल्या कॅटमरानची तुलना आम्ही कशी केली

सप्रेम नमस्कार.

आपल्या अहवालाची फाइल शेजारी उघडून हे उत्तर लिहीत आहे. पहिली कॅटमरान (दोन हलांची, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या दोन समांतर सांगाड्यांची, शिडाची नौका) विकत घेण्यापूर्वी तीन नौकांची तुलना करून देण्याचे काम आपण आमच्याकडे सोपवले होते. आपले म्हणणे असे की, चाळीस पानांत आकड्यांचा भडिमार झाला, पण कोणती नौका घ्यावी हे कुठेच ठळकपणे सांगितले नाही. आपल्याला आवडलेल्या प्रशस्त नौकेबद्दल आम्ही सुरुवातीपासून नाके मुरडली आणि त्यामागे आमचे कमिशन असावे. समुद्रातील चाचणी निरुपयोगी ठरली. आणि नौकेची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरचे शुल्क वेगळे असल्याचे आयत्या वेळी कळले.

शुल्काबाबत चूक आमची आहे. ते वेगळे असते हे आमच्या पहिल्या पत्रात लिहिलेले नव्हते. आता लिहिलेले असते. समुद्रचाचणीबाबतही आपली तक्रार रास्त आहे. त्या दिवशी वारा जेमतेम ८ नॉट (सागरी मैल प्रति तास) होता आणि पाणी सपाट होते. अशा दिवशी कुठलीही कॅटमरान गुणी वाटते. तरीही आमच्या सहकाऱ्याने अहवालात ‘ब्रिजडेकखाली (दोन हलांना जोडणाऱ्या मधल्या भागाखाली) लाटांचे तडाखे जाणवले नाहीत’ असे लिहिले. वाक्य खरे होते, पण लाटाच नसताना तडाखे बसणार कुठून? चाचणी पुढे ढकलायला हवी होती. त्या दिवसाचे शुल्क आपल्याला परत केले जाईल.

कमिशनचा आरोप मात्र मला मान्य नाही. तिन्हींपैकी एकाही विक्रेत्याकडून आम्ही काहीही घेतलेले नाही, आणि तसे लेखी आश्वासन करारपत्राच्या पहिल्याच कलमात आहे.

नाके मुरडण्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपला आणि आमचा खरा मतभेद तिथेच होता. आपण तिन्ही नौकांची तुलना रिकाम्या स्थितीत करत होता. आम्ही ती आपले सामान भरून करत होतो. कामाच्या सुरुवातीला आपल्याकडून एक यादी मागवली होती, ती आठवत असेल. तिच्यात पाण्याच्या टाक्या ६०० लिटर, डिझेल ४०० लिटर, नांगर आणि ७० मीटर साखळी, मोटरसह डिंगी (छोटी होडी), जनरेटर, समुद्राचे पाणी गोडे करणारा वॉटरमेकर, वातानुकूलन, डायव्हिंगचा कॉम्प्रेसर आणि सिलिंडर, जास्तीची शिडे, लाइफराफ्ट, हत्यारे व सुटे भाग, किराणा आणि सामानासह चार माणसे एवढे होते. आम्ही एकेका वस्तूचे वजन मांडले, तेव्हा बेरीज सुमारे २७०० किलोवर गेली. आपल्या पसंतीच्या साडेबारा मीटर लांबीच्या नौकेच्या दोन्ही हलांचे जलरेषेवरील क्षेत्रफळ मिळून साडेअठरा चौरस मीटरच्या आसपास आहे. म्हणजे खाऱ्या पाण्यात ती एक सेंटीमीटर खाली बसायला अंदाजे १९० किलो पुरतात, आणि आपल्या यादीने ती १४ सेंटीमीटर बसते. दोन हलांना जोडणाऱ्या ब्रिजडेकखाली रिकाम्या स्थितीत ७२ सेंटीमीटर मोकळी जागा होती. यादी भरल्यावर ती ५८ उरते. ही जागा नौकेच्या लांबीच्या किमान पाच टक्के असावी, असा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ६२ हवी होती. माहितीपत्रकात ही नौका परीक्षा पास होते आणि आपल्या सामानासह नापास होते, एवढेच आम्ही म्हणत होतो.

याची एक खूण आपणही प्रत्यक्ष पाहिली होती. नौका पाण्याबाहेर काढली तेव्हा तळाचा शेवाळरोधक रंग मूळ जलरेषेच्या चांगला चार बोटे वर चढवलेला होता. हौसेने तेवढा रंग कोणी लावत नाही. आधीच्या मालकालाही ती तेवढी खाली बसलेली दिसली असणार.

सलूनमधली जागा, मोठ्या खिडक्या आणि वरच्या मजल्यावरचे सुकाणू यांचा मोह मी समजू शकतो. पहिल्यांदा त्या वरच्या मजल्यावर, म्हणजे फ्लायब्रिजवर, उभा राहिलो तेव्हा मलाही तो झाला होता. परंतु सुकाणू वर गेले की बूमही (शिडाच्या तळाचा आडवा दांडाही) वर जाते, शिडाचा जोर उंचावर येतो आणि वाऱ्याला अडणारा पृष्ठभागही वाढतो. नांगर टाकून राहण्यासाठी ही रचना उत्तम असते. आपण मात्र पहिल्या भेटीत वाऱ्याच्या तोंडावर लांबचे प्रवास करायचे आहेत असे सांगितले होते, म्हणूनच एक डॅगरबोर्डची (हलांतून पाण्यात सोडायच्या उभ्या फळ्यांची) नौका आम्ही तुलनेत घेतली. आउटरेमेर या कंपनीच्या नौकांना असे वर-खाली होणारे बोर्ड असतात, तर लगून, फाँतेन पाझो आणि लेपर्ड यांच्या आजच्या नौकांना आखूड स्थिर कील (तळाला कायमचे बसवलेले पाते) असतात. बोर्डमुळे नौका वाऱ्याकडे अधिक जवळून चालते, पण त्यांच्या खोबणी आतली जागा खातात. आणि कीलवर नौका ओहोटीत निर्धास्त टेकवता येते. आपण किनाऱ्याजवळ सुट्ट्या घालवणार असतात तर मी स्वतःच कीलची नौका सुचवली असती.

रुंदीवर दोन पाने ‘वाया घालवल्याचा’ उल्लेख आपण केला आहे. लगून ४२ सारखी नौका १२.८० मीटर लांब आणि ७.७० मीटर रुंद असते. एवढी रुंद नौका उचलणारी क्रेन प्रत्येक बंदरात नसते, आणि ते दुरुस्तीच्या दिवशी कळणे महागात पडते.

आता अर्ध्या खऱ्या तक्रारीकडे येतो. कोणती नौका घ्यावी हे आम्ही लिहिले होते, पण एकतिसाव्या पानावर. ते पहिल्या पानावर असायला हवे होते. आकड्यांच्या मागे निर्णय दडवण्याची सवय आमच्या कामात शिरली होती, हे आपल्या अभिप्रायामुळे लक्षात आले. यापुढे शिफारस पहिल्या पानावर दोन ओळींत आणि बाकी सगळे तिच्या मागे, असा क्रम राहील.

आपण अखेर ती प्रशस्त नौकाच घेतलीत. निर्णय सर्वस्वी आपला होता आणि नौका मुळात वाईट नाही. जनरेटर आणि कॉम्प्रेसर यांच्याशिवाय भागत असेल तर ते उतरवा, आणि जड वस्तू पुढच्या टोकाच्या कप्प्यांत न ठेवता मधोमध ठेवा. शिडे केव्हा आखडायची हे मात्र अंदाजावर सोडू नका. एकहली नौका कलून सूचना देते. कॅटमरान सपाट राहते आणि सगळा ताण डोलकाठी व तारांवर जातो. वारा १५ वरून २० नॉटवर गेला की शिडावरचा जोर पावणेदोन पटींहून अधिक होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि एकदा उलटलेली कॅटमरान आपोआप सुलटी होत नाही. भरलेल्या वजनाला लागू पडेल असा रीफचा (किती वाऱ्याला शिडे किती आखडायची याचा) तक्ता तयार केला असून तो आजच पाठवत आहे. तो सुकाणूजवळ चिकटवावा आणि झोताच्या वेगाकडे बघून वापरावा, सरासरीकडे बघून नव्हे.

आणखी एक गोष्ट. सर्व्हेअरच्या टिपणात दोन्ही सेलड्राइव्हच्या (इंजिनापासून तळातून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या जोडणीच्या) रबरी पडद्यांपुढे बदलल्याची तारीख नाही, आणि विक्रेत्याच्या कागदांतही ती सापडली नव्हती. हे पडदे फाटले तर पाणी थेट इंजिनाच्या खोलीत येते. नौका सध्या पाण्याबाहेर असेल तर पुन्हा उतरवण्यापूर्वी ते बदलून घ्यावेत.