बॉडी लिफ्टने डिफरन्शिअल उंच होत नाही

बॉडी लिफ्ट किटवरील एका लेखात म्हटले आहे, की दोन इंचांच्या किटमुळे गाडीचा ग्राउंड क्लिअरन्सही (जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर) दोन इंचांनी वाढतो; हे विधान बरोबर नाही. असे किट चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवून केवळ बॉडी उचलते. त्यामुळे तोरणमाळ किंवा धडगावकडच्या आडवाटांवर दगडाला सर्वांत आधी टेकणारे डिफरन्शिअल (चाकांच्या आसावरील, त्यांना इंजिनाची शक्ती वाटून देणारा गिअरसंच) होते त्याच उंचीवर राहते. खरा लाभ चाकाच्या कमानीत मिळणाऱ्या जागेचा आहे. तिथे 30 ऐवजी 32 इंची टायर बसले, तर एक्सल एक इंच वर येतो, आणि तोही टायरमुळे.

किट निवडताना ठोकळ्यांच्या रंगापेक्षा (दुकानात आधी तोच दाखवतात) सोबतचे सामान तपासावे: लांब आणि उच्च दर्जाचे बोल्ट, स्टिअरिंग शाफ्टचा जोड, रेडिएटरचे ब्रॅकेट. रेडिएटर बॉडीला आणि पंखा इंजिनाला जोडलेला असेल, तर बॉडी उचलताच पंख्याभोवतीचे आवरण जागचे हलते, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील उन्हात इंजिन तापायला तेवढे निमित्त पुरते. गिअर लिव्हर, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग यांना ताण बसत नाही ना, हेही पाहावे. तीन इंचांपलीकडे मी जाणार नाही, कारण ठोकळा जितका उंच तितका बोल्टवर वाकवणारा भार अधिक. स्वतंत्र चेसिस नसलेल्या मोनोकॉक एसयूव्हीला तर हे किट लागूच पडत नाही.

लेखात कायद्याचा उल्लेख नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडेही विचारणा करावी.