लॉ कॉलेज बदलायचंय? मग बसा पुन्हा पहिल्या वर्षात!

करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम १० चंद्रपुरात जे सांगतं तेच चेंबूरमध्ये सांगतं. पण एका विद्यापीठात 'कॉन्ट्रॅक्ट' पास झालेला विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन म्हणाला की माझा हा पेपर झालाय, तर उत्तर ठरलेलं असतं: "तिकडे झाला असेल, आमच्याकडे व्हायचाय."

मी जिल्हा कोर्टात वकिली करते आणि आठवड्यातले काही तास एका लॉ कॉलेजात शिकवते. त्यामुळे जून-जुलै लागला की कॉलेज बदलण्याबद्दलचे फोन सुरू होतात. बाहेरच्यांना वाटतं ही मुलं चंचल असतात, एक कॉलेज नाही आवडलं की दुसरं. तसे असतातही थोडे. पण तीन वर्षांच्या एलएलबीला कोण बसतं ते एकदा वर्गात येऊन बघा. हवालदार असतो, तलाठी असतो, बँकेत कॅशियर असलेली बाई असते, दोन पोरांची आई असते. यांच्या बदल्या होतात. मुलींची लग्नं होतात आणि सासर दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत निघतं. कुणाचे वडील आजारी पडतात आणि गावी परतावं लागतं. माणसाच्या आयुष्यात तीन वर्षांत एवढं घडणारच. विद्यापीठांनी मात्र असं गृहीत धरलंय की प्रवेश घेतल्यापासून पदवी मिळेपर्यंत हा माणूस जागचा हलणार नाही.

एक केस सांगते, नाव-गाव सोडून. विदर्भातली मुलगी, पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास, एकही केटी (नापास होऊन राहिलेला पेपर) नाही. लग्न होऊन पश्चिम महाराष्ट्रात आली. दुसऱ्या वर्षाला इकडे प्रवेश हवा होता, आणि कॉलेजात जागाही होती. तिची फाइल मी हातात घेऊन बघितली आहे. दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट, टीसी, मायग्रेशन, लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं अ‍ॅफिडेव्हिट, आणि जुन्या विद्यापीठाचा अख्खा अभ्यासक्रम, ज्याच्या पानापानावर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. त्या शिक्क्यांसाठी तिच्या भावाने कॉलेजात खेटे घातले होते.

मग समकक्षतेचा तक्ता आला, म्हणजे तिकडचा कुठला पेपर इकडच्या कुठल्या पेपराच्या बरोबरीचा ते ठरवणारा कागद. डावीकडे तिचा पेपर, उजवीकडे आपला पेपर, शेवटी शेरा. सगळा घोळ 'फॅमिली लॉ'वर झाला. तिच्या विद्यापीठात या विषयाचे दोन पेपर धर्मानुसार पाडलेले. पहिल्यात हिंदू कायदा सगळा: लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा. मुस्लिम कायदा दुसऱ्या पेपरात. इकडच्या विद्यापीठात तेच दोन पेपर विषयानुसार. पहिल्यात सगळ्या धर्मांची लग्नं आणि घटस्फोट, दुसऱ्यात सगळ्यांचा वारसा. म्हणजे तिकडचा पहिलाच पेपर झालेल्या पोरीला इकडच्या पहिल्या पेपरातलं निम्मं येत होतं आणि दुसऱ्यातलंही निम्मं येत होतं. शेरा पडला "अंशतः समकक्ष". आणि अंशतः म्हणजे व्यवहारात नाहीच! असेच आणखी दोन पेपर अडकले. जे इकडे पहिल्या वर्षाला होते ते तिच्याकडे दुसऱ्या वर्षाला, आणि जे तिने पास केले होते ते इकडे पुढे कधीतरी येणार होते.

शेवटी तिने पुन्हा सीईटी (प्रवेश परीक्षा) दिली आणि पहिल्या वर्षात बसली. कॉन्ट्रॅक्ट शिकवायला मीच होते. मी 'मोहोरी बीबी'चा गाजलेला निकाल काढला की अज्ञानाशी (अल्पवयीनाशी) केलेला करार मुळातच रद्दबातल हे ती माझ्याआधी वहीत लिहून मोकळी. एक अख्खं वर्ष आणि एका वर्षाची फी गेली. ती कशासाठी गेली हे मला आजतागायत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आता नियम काय म्हणतो ते बघू. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदा शिक्षणाचे नियम २००८ सालचे. 'बार कौन्सिलचा नियम आहे, ट्रान्स्फर चालत नाही' असं सांगताना बोट ज्याच्यावर ठेवलं जातं तो नियम १३. त्यात मनाई आहे ती पदवीधर आहे या सबबीवर पाच वर्षांच्या कोर्समध्ये मधूनच घुसण्याला, आणि पाच वर्षांच्या जोडपदवीचे (बी.ए. किंवा बीबीए आणि एलएलबी एकत्र) तुकडे करून मध्येच एक पदवी घेऊन बाहेर पडण्याला. बी.कॉम. झालोय म्हणून थेट चौथ्या वर्षात बसवा, हे चालणार नाही. चालूही नये. पण एका मान्यताप्राप्त कॉलेजचं पहिलं वर्ष पूर्ण करून दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात जाणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात कुणी एक दिवसही वाचवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घालून सगळ्यांना परत पाठवणं सोयीचं पडतं, एवढंच.

गंमत म्हणजे समकक्षता ठरवणं सगळ्यात सोपं जर कुठे असेल तर ते कायद्याच्या शिक्षणात. याच २००८ च्या नियमांत सक्तीचे २० विषय देशभरासाठी ठरवून दिलेत: करार, अपकृत्य, गुन्हे, संविधान, मालमत्ता, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, कामगार कायदे, कर वगैरे. वर प्रॅक्टिकलचे चार, ज्यात ड्राफ्टिंग आणि मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटूचा खटला) आलं. ऐच्छिक किंवा ऑनर्सचे पेपर त्यानंतर. बी.ए.च्या इतिहासात एका विद्यापीठात मराठेशाही आणि दुसरीकडे फ्रेंच राज्यक्रांती असू शकते. इथे तसं नाही, यादी एकच आहे. फरक आहे तो विषयाची पेपरांत वाटणी कशी करायची, कुठला पेपर कुठल्या सेमिस्टरला घालायचा आणि लेखी परीक्षेला किती, अंतर्गतला किती मार्क ठेवायचे एवढाच. आणि वर्ष जातं ते याच फरकापायी! त्यात राज्याची सार्वजनिक विद्यापीठं एकाच कायद्याखाली चालतात, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. सीईटी एक, प्रवेशाची फेरी एक, आणि शेवटी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देणारी राज्य पातळीवरची बार कौन्सिल महाराष्ट्र-गोव्याला मिळून एकच. मधली तीन वर्षं तेवढी प्रत्येकाचा सवतासुभा.

फौजदारी कायद्यांनी यात भर घातली. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (भारतीय दंड संहिता) जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा ३०२ ची १०३ झाली, चारशेवीसची ३१८. आता २०२३ मध्ये आयपीसीचा पेपर काढलेल्या आणि मध्ये घरच्या अडचणीने खंड पडलेल्या विद्यार्थ्याने कॉलेज बदललं, तर त्याचा पेपर धरायचा की नाही? माझं मत विचाराल तर धरायचा. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक ज्याला कळलाय त्याला नवे आकडे पाठ करायला पंधरा दिवस पुरतात. जिल्हा कोर्टातले आम्ही सगळे तेच करतोय, जुने खटले जुन्या कलमांवर आणि नवे नव्यावर. आमची सनद कुणी काढून घेतली नाही.

पाच वर्षांच्या कोर्सचं दुखणं आणखी वेगळं. तिथे कायद्याबरोबर राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असतं आणि त्याची मांडणी प्रत्येक विद्यापीठात निराळी. बीबीए-एलएलबीमधून बीए-एलएलबीत जायचं म्हणजे तर विचारूच नका. नव्या शैक्षणिक धोरणात बाहेर पडा, परत या, क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाचं मोजमाप) जपून ठेवा असं बरंच काही आलं. २०२१ मध्ये त्यासाठी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स निघाली. कायद्याच्या जोडपदवीत मात्र मधून बाहेर पडायला नियम १३ ची आडकाठी आहेच. दोन वर्षं शिकून कोर्स सोडलेल्या मुलाच्या हातात काय उरतं? बारावीची मार्कशीट.

दुसरी बाजूही मला माहीत आहे, कोर्टात रोज बघते. हजेरी न लावता पदव्या मिळवलेले लोक आहेत. काही ठिकाणी कॉलेज म्हणजे एक पाटी आणि एक कुलूप. खोट्या पदव्यांचा प्रश्न इतका वाढला की बार कौन्सिलला २०१५ मध्ये वकिलांच्या पडताळणीचे वेगळे नियम करावे लागले. उद्या बदली सैल केली तर पहिली दोन वर्षं अशा पाटीवाल्या कॉलेजात काढायची आणि शेवटच्या वर्षाला नावाजलेल्या कॉलेजात यायचं, हा धंदा सुरू होईल ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय आहे: अर्ध्याहून जास्त क्रेडिट पदवी देणाऱ्या विद्यापीठातच मिळवली पाहिजेत अशी अट घाला. हजेरीचं प्रमाणपत्र सेमिस्टरवार मागा. ते सोडून पानापानावर शिक्के मागून काय साधतं? बोगस कॉलेजला शिक्का मारायला कितीसा वेळ लागतो?

अमेरिकेतलं सगळं इकडे आणा असं मी म्हणणार नाही, तिथली फी ऐकून माझी शुद्ध हरपते. पण तिथे लॉ स्कूलचं पहिलं वर्ष झाल्यावर दुसरीकडे जाणं हा राजमार्ग आहे. जेडीला (तिथल्या कायद्याच्या पदवीला) किमान ८३ क्रेडिट लागतात. नवं स्कूल सहसा पहिल्या वर्षाची क्रेडिट धरतं, ग्रेड धरत नाही. त्यामुळे वर्ष वाचतं, पण जुन्या वर्गातला नंबर मागेच राहतो आणि नव्या ठिकाणी पाटी कोरी. किंमत मोजावी लागतेच, पण ती आधी ठाऊक असते. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दरवर्षी किती विद्यार्थी बदली घेऊन आले आणि किती गेले हे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला जाहीर करावं लागतं. आपल्याकडे एखाद्या कॉलेजातून दरवर्षी पोरं पळून जात असतील तर ते फक्त त्या कॉलेजच्या शिपायाला माहीत असतं.

माझं मागणं फार मोठं नाही. सक्तीच्या २० विषयांपैकी जो विषय मान्यताप्राप्त कॉलेजात पास झालाय, तो राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने पास धरावा. अभ्यासक्रमाची पानं जुळवत बसू नये. फॅमिली लॉसारखा पेपर अर्धवट जुळत असेल तर उरलेल्या भागाची ५० मार्कांची पुरवणी परीक्षा घ्यावी. राहिलेले पेपर दुसऱ्या वर्षाबरोबर देऊ द्यावेत, केटीवाल्यांना देतातच की. परराज्यातून येणाऱ्याला फार तर महाराष्ट्राचा जमीन महसूल आणि भाडे नियंत्रण कायदा करायला लावा. गोव्यात शिकलेल्याचं प्रकरण थोडं निराळं, कारण तिथला पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आपल्याकडच्या फॅमिली लॉपेक्षा मुळातच वेगळा. त्याला तो एक पेपर पुन्हा द्यायला सांगा, वर्ष नको. हे सगळं करायला संसदेत जायची गरज नाही. विधी शाखेच्या अभ्यास मंडळांनी एकत्र बसून एक सामाईक तक्ता केला तर निम्मं काम होईल. विद्यापीठाच्या सिनेटच्या (अधिसभेच्या) निवडणुकीत पदवीधर गटातून आमची मतं मागायला जे येतात, त्यांना यावेळी हे विचारा.

तोवर ज्यांना बदली घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी. कॉलेजने तोंडी 'होऊन जाईल' म्हटलं म्हणून फी भरू नका. विद्यापीठाच्या पात्रता विभागाचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय जुन्या कॉलेजातून टीसी काढायचा नाही, नाहीतर ना घर का ना घाट का. 'प्रोव्हिजनल' शब्द दिसला की तो कायम कधी होणार हे लेखी विचारा. सनदेच्या वेळी सगळ्या मार्कशीट निघतात आणि तेव्हा ही भानगड उपटली तर निस्तरायला कुणी येत नाही. केटी असेल तर ती जुन्या विद्यापीठातच आधी संपवा. आणि घाई जुलैतच करा. हजेरीची अट प्रत्येक विषयाला ७० टक्क्यांची आहे, सप्टेंबरात प्रवेश मिळाला तर तुमचे बुडालेले तास कुणी भरून देणार नाही.

आपल्या विद्यापीठात कुणाची बदली सुरळीत झाली असेल तर कमेंटमध्ये कोणते पेपर धरले आणि कोणते नाही ते लिहा. विद्यापीठं तक्ता करतील तेव्हा करतील, आपण तरी सुरुवात करू.