'नाव आणि साल पुरे' म्हणणाऱ्यांना उत्तर

मूट कोर्टचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यांचा, मोसम आला की मुंबईतल्या लॉ कॉलेजांच्या ग्रुपांवर सायटेशनबद्दल, म्हणजे निकालाचा हवाला कसा द्यायचा याबद्दल, एक सल्ला फिरू लागतो: "सायटेशनचं अवडंबर नको. पक्षकाराचं नाव आणि साल लिहा, कलमाचा नुसता आकडा टाका, कळतं सगळ्यांना. न्यूट्रल सायटेशन आलंय, एआयआर-एससीसी विसरा. निकाल लांबलचक असेल तर हेडनोट उचला. वेळच नसेल तर एआयकडून यादी घ्या." (न्यूट्रल सायटेशन म्हणजे न्यायालयाने स्वतःच निकालाला दिलेला क्रमांक; एआयआर, एससीसी हे निकाल छापणारे रिपोर्ट; हेडनोट म्हणजे त्यात निकालाच्या वर छापलेला सारांश.) परीक्षेच्या पेपरात नुसतं नाव आणि साल खपून जातं, हे कबूल. मेमोरियलमध्ये, म्हणजे मूट कोर्टसाठीच्या लेखी युक्तिवादात, नाही खपत.

नाव आणि साल म्हणता? आपल्याच शहरातला नानावटी खटला घ्या. 'नानावटी, १९६१' लिहिलंत, पण निकाल कोणता? सर्वोच्च न्यायालयाचे दोन आहेत. एक मुंबई राज्याविरुद्धचा, एआयआर १९६१ एससी ११२ (म्हणजे एआयआरचा १९६१ चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान ११२). अपील प्रलंबित असताना राज्यपाल शिक्षा स्थगित करू शकतात का, एवढ्यापुरता. तो दिला गेला ५ सप्टेंबर १९६० ला. दुसरा महाराष्ट्र राज्याविरुद्धचा, एआयआर १९६२ एससी ६०५, खुनाची शिक्षा कायम करणारा. तो २४ नोव्हेंबर १९६१ चा. म्हणजे १९६१ हे एकाचं रिपोर्टातलं साल आणि दुसऱ्याचं निकालाचं. तुम्ही खुनाच्या आरोपातल्या आकस्मिक प्रक्षोभाच्या बचावावर तावातावाने बोलताय आणि बेंचसमोर राज्यपालांचे अधिकार उघडलेत, अशी गंमत होते.

बरं, रिपोर्ट आणि पान लिहूनही भागत नाही. संविधानाच्या मूलभूत चौकटीचा निकाल, केशवानंद भारती, (१९७३) ४ एससीसी २२५ घ्या. त्यात १३ न्यायमूर्ती होते आणि निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला. 'केशवानंदमध्ये असं म्हटलंय' म्हणालात की समोरून पहिला प्रश्न येणार: कोणी म्हटलंय? बहुमतातल्यांनी की उरलेल्या सहांनी? न्यायमूर्तींचं नाव आणि परिच्छेद क्रमांक लिहिलेला नसेल तर उत्तरासाठी पानं चाळत बसा.

कलमाचं तर विचारूच नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ खुनाच्या शिक्षेचं, न्याय संहितेचं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं. त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो. कायद्याचं नाव लिहायला चार शब्द लागतात.

न्यूट्रल सायटेशन चांगलंच आहे, जरूर लिहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात 'बीएचसी-ओएस' दिसलं की ओरिजिनल साइड (थेट उच्च न्यायालयात दाखल होणारी प्रकरणं), 'बीएचसी-एएस' दिसलं की अपिलेट साइड (मुख्यतः अपिलं), हेही लगेच कळतं. पण जुन्या निकालपत्रांत एआयआर, एससीसी, बॉम्बे लॉ रिपोर्टर यांचेच हवाले आहेत. ते वाचता येत नसतील तर एका निकालातून मागच्या निकालापर्यंत जाणार कसे?

हेडनोट न्यायमूर्ती लिहीत नाहीत, रिपोर्टचे संपादक लिहितात. मूळ परिच्छेद शोधायला तिचा उपयोग करा. अवतरणचिन्हांत न्यायालयाचे शब्द म्हणून ती देणं चुकीचंच.

आणि एआयची यादी. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात 'माटा विरुद्ध एव्हिआन्का' प्रकरणी वकिलांनी अस्तित्वातच नसलेले सहा निकाल दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. नावं, सालं, खंड, पानं, सगळं बिनचूक दिसत होतं. त्यातल्या एकाने चॅटबॉटलाच विचारलं होतं की हे खरं आहे ना, आणि त्याने हो म्हटलं होतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर, म्हणजे त्याच्या निकालांचं ऑनलाइन भांडार, कुणालाही फुकट उघडतं. यादीतला सर्वोच्च न्यायालयाचा प्रत्येक निकाल तिथे उघडून, तो परिच्छेद स्वतः वाचून मगच मेमोरियलमध्ये घाला.